डायच्या जागी नुसता चौकोन!

(अंतिम वर्ष, मेकॅनिकल)

'कोल्ड चेंबर डाय कास्टिंगची सुबक आकृती काढून वर्णन करा.' हा प्रश्न ज्याला एकदाही आला नाही असा मेकॅनिकलचा विद्यार्थी विरळाच! आणि उत्तरात आपण सगळे एकच चित्र काढतो. डावीकडे प्लंजर, मग शॉट स्लीव्ह, वरून धातू ओतणारी पळी, आणि उजवीकडे शेजारी शेजारी दोन चौकोन. एकावर लिहायचं 'फिक्स्ड हाफ', दुसऱ्यावर 'मूव्हिंग हाफ'. मधल्या पोकळीत पेन्सिलीने जरा काळं केलं की सातपैकी पाच मार्क कुठे जात नाहीत.

मित्रांनो, माझं भांडण त्या दोन चौकोनांशी आहे.

सहाव्या सेमिस्टरनंतर मी हिंगण्याच्या एमआयडीसीत एका डाय कास्टिंगच्या कारखान्यात चार आठवडे ट्रेनिंगला होतो. तिथल्या डाय फिटरना सगळे 'काका'च म्हणायचे. आमच्या मित्राची वही त्यांनी एकदा चहाच्या सुट्टीत उघडून पाहिली आणि हसले. "मशीन मस्त काढते तुमच्या पुस्तकात. अन् डायच्या जागी नुसता डबा काढून ठेवते! अरे बाबू, मशीन तर बाजारात भेटते. डाय कुठून आनशील?"

बरोबरच होतं त्यांचं. मशीन कॅटलॉग पाहून घेता येतं. डाय मात्र प्रत्येक पार्टची वेगळी, आणि ती कोणत्या प्रकारची करायची हे ठरवण्यातच धंदा तरतो किंवा बुडतो. आपल्या अभ्यासक्रमात 'प्रोसेस'ला पानंच्या पानं आणि या निर्णयाला एक ओळसुद्धा नाही. माझं मत स्पष्ट सांगतो. नागपूरच्या मुलाला डाय कास्टिंगमधलं एकच काही शिकवायचं असेल, तर ते टूलिंगची निवड शिकवावं. प्लंजरची आकृती नंतर काढू.

आधी तो चौकोन उघडून पाहू या. अॅल्युमिनिअम साधारण ६५० ते ७०० अंशांना ओततात. गेटमधून ते सेकंदाला चाळीसेक मीटर वेगाने आत घुसतं, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर. आपल्या खापरखेड्याचा उमेश यादव ऐन भरात असताना टाकायचा त्या वेगाने! पोकळी भरायला सेकंदाचा काही शतांश भाग पुरतो. तेवढ्यात आतली हवा व्हेंटमधून बाहेर जायला हवी, पहिला थंड झालेला धातू ओव्हरफ्लोमध्ये जायला हवा, आणि मग पार्ट घट्ट होईपर्यंत दाब टिकायला हवा. त्यानंतर डाय उघडते, इजेक्टर पिना पार्ट ढकलतात, बाजूच्या भोकांसाठी स्लाइड असतील तर त्या आधी मागे सरकतात. लगेच स्प्रे. दोन-अडीचशे अंशांवरच्या स्टीलवर थंड फवारा! हे दिवसात शेकडो वेळा.

स्टील तरी किती सोसणार? म्हणून त्याला एच-१३ हे हॉट डाय स्टील लागतं. त्यात साधारण पाच टक्के क्रोमियम, शिवाय मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. हार्डनिंग करून ते ४४ ते ४८ रॉकवेल 'सी'ला आणतात. तरीही हजारो शॉटनंतर पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं उमटतं, मे महिन्यात आटलेल्या तळ्याच्या चिखलासारखं. याला 'हीट चेकिंग' म्हणतात. हे जाळं पुढच्या प्रत्येक पार्टवर उठावाच्या रेघांनी छापून येतं. अॅल्युमिनिअमची चांगली डाय लाखाच्या आसपास शॉट देते. झिंक चारशे-सव्वाचारशे अंशांवरच ओततात, त्यामुळे त्याची डाय पाच-दहा लाखांपर्यंतही जाते. एवढा फरक आहे, पण आकृतीत दोन्हींचा चौकोन सारखाच.

आता मुद्द्याचं. लाखभर शॉट देणारी पूर्ण हार्डन केलेली 'प्रॉडक्शन डाय' हा टूलिंगचा एक प्रकार झाला. आपल्या डोक्यात मात्र तोच एकमेव प्रकार असतो. ट्रेनिंगमध्ये मी पाहिलेला एक हिशोब आकडे गोल करून सांगतो. कूलरच्या मोटारीचं एंड कव्हर. नागपूरकरांना कूलर काय असतो ते सांगायला नको! त्याच्या मोटारीत डाय कास्टिंग दोन ठिकाणी भेटतं. एक म्हणजे रोटर. स्टॅम्पिंगच्या थप्पीतल्या खाचांमध्ये दाबाने अॅल्युमिनिअम भरून स्क्विरल केज तयार होतो, म्हणजे ती थप्पीच अर्धी डाय झाली म्हणा ना. (मशीन्सच्या थिअरीत रोटर शिकलो, कास्टिंगच्या थिअरीत डाय शिकलो, दोघांची भेट कोणी घालून दिली नाही.) दुसरं म्हणजे बऱ्याच मोटारींची ती दोन्ही बाजूंची कव्हरं.

तर वर्षाला चार हजार कव्हरं हवीत अशी चौकशी आली. समजा प्रॉडक्शन डाय सहा लाखांची. पहिल्या वर्षीच वसूल करायची तर एका नगामागे दीडशे रुपये नुसते डायचे. धातू, मजुरी, मशीनिंग वेगळंच. तीच डाय एक लाख नगांवर वाटली तर नगामागे सहा रुपये पडतात. स्टील तेच, मेहनत तीच, पार्टही तोच. बदलला फक्त ऑर्डरचा आकडा, आणि चांगली डाय महागडी चूक ठरली. गिऱ्हाईक अर्थातच परत आलं नाही.

मग दुसरा रस्ता कोणता? 'युनिट डाय'. यात बाहेरची चौकट, म्हणजे होल्डर, कायम मशीनवर राहते. इजेक्टरची व्यवस्था, गाइड पिलर, पाण्याच्या जोडण्या हे सगळं तिच्यात असतं. पार्टच्या आकाराचा जेवढा गाभा, म्हणजे इन्सर्ट, तेवढाच बदलायचा. नव्या ऑर्डरला नवा इन्सर्ट, होल्डर जुनाच. वरच्या हिशोबात इन्सर्ट दीड लाखात झाला असं धरलं तर नगामागे साडेसदतीस रुपये पडतात. मर्यादा आहेतच. पार्ट लहान हवा, स्लाइडचे फार नखरे चालत नाहीत, पाणी फिरवायला जागा कमी. पण कव्हर, ब्रॅकेट, पुली, हँडल असल्या साध्या वस्तूंना ते पुरतं.

ही कल्पना परदेशी वाटत असेल तर जरा मराठी छपाईचा इतिहास आठवा. मुंबईत १८६० च्या दशकात जावजी दादाजी आणि त्यांच्याबरोबर राणोजी रावजी आरू यांनी देवनागरी टाइप पाडायला सुरुवात केली, आणि 'निर्णयसागर'ची अक्षरं देशभर नावाजली गेली. टाइप कसा पाडत? आधी पोलादी पंचावर अक्षर कोरायचं, तो पंच तांब्यावर ठोकून मातृका तयार करायची. मग साच्याच्या तळाशी मातृका बसवून वरून शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतायचा. अक्षर बदलायचं तर फक्त मातृका बदला, साचा तोच! देवनागरीला काना, मात्रा, जोडाक्षरं धरून शेकडो खिळे लागतात. प्रत्येकाला स्वतंत्र आख्खा साचा करत बसले असते तर पंचांग कधी छापून झालं असतं? आणि हे काही लांबचं नातं नव्हे. १८४९ साली अमेरिकेत स्टर्जिसला टाइप ओतण्याच्या मशीनचं पेटंट मिळालं, तिथूनच डाय कास्टिंगचा उगम मानतात. म्हणजे होल्डर तोच, इन्सर्ट वेगळा, हा विचार या धंद्याच्या जन्मापासूनचा आहे.

तिसरा रस्ता 'ग्रॅव्हिटी डाय'. दाबाचं मशीन नाही. बिडाची किंवा स्टीलची डाय, हाताने ओतायचं, गुरुत्वाकर्षण भरेल तसं भरेल. डाय बरीच स्वस्त. पण भिंत फार पातळ निघत नाही, एका नगाला काही मिनिटं जातात आणि मशीनिंगला जास्त मटेरियल ठेवावं लागतं. वरवर पाहता ही गरिबांची डाय. पण हिच्यात एक गंमत आहे. ग्रॅव्हिटीचा पार्ट हीट ट्रीटमेंट करून बळकट करता येतो. नेहमीच्या प्रेशर डाय कास्टिंगमध्ये हवा अडकलेली असते, ती तापवल्यावर फुगते आणि पार्टवर फोड येतात. त्यामुळे 'प्रेशर' म्हणजे वरचा वर्ग आणि 'ग्रॅव्हिटी' म्हणजे खालचा, हा समज चुकीचा आहे. चार हजारांच्या ऑर्डरला पार्ट जाड असेल तर मी डोळे मिटून ग्रॅव्हिटी सुचवीन.

हाच मुद्दा प्रोटोटाइपला लागू होतो. आजकाल थ्री-डी प्रिंटरवर पॅटर्न काढून, वाळूत किंवा प्लास्टरमध्ये ओतून, नाहीतर सरळ ठोकळ्यातून सीएनसीवर कोरून चार दिवसांत नमुना हातात येतो. बसवून पाहायला उत्तम. पण त्या नमुन्याची ताकद मोजून 'पार्ट पास' म्हणणं धोक्याचं. डायमधून निघालेल्या पार्टला झटपट थंड झालेली बारीक कणांची कातडी असते आणि आत सच्छिद्रता असते. ठोकळ्यातून कोरलेल्याला यातलं काहीच नाही. म्हणून मधली पायरी असते, 'रॅपिड टूल'. पी-२० सारख्या आधीच थोड्या कडक करून मिळणाऱ्या स्टीलमध्ये पटकन कोरलेली डाय. काही हजार शॉटमध्ये ती थकते, पण पार्ट खऱ्या प्रक्रियेतून निघालेला असतो.

प्रॉडक्शन डायमध्येही पुन्हा निवड आहेच. कॅव्हिटी किती ठेवायच्या? आपलं कव्हर १५ सेंटिमीटर व्यासाचं धरा. क्षेत्रफळ १७७ चौरस सेंटिमीटर, रनर-ओव्हरफ्लो धरून २३०. चौरस सेंटिमीटरला ६०० किलो दाब धरला तर डाय बंद ठेवायला १३८ टन जोर हवा. थोडी सवलत ठेवून १८० टनांचं मशीन चालेल. दोन कॅव्हिटी केल्या की २७६ टन, म्हणजे साडेतीनशेचं मशीन शोधा. कारखान्यात तेवढं मशीनच नसेल तर? मोठी माणसं 'फॅमिली डाय' करतात, एकाच डायमध्ये वेगवेगळे पार्ट. डावं-उजवं कव्हर एका शॉटमध्ये मिळालं की छान वाटतं. पण एक पार्ट भरतो तोवर दुसरा अर्धवट राहिला, किंवा एकाची मागणी बंद पडली, की तोच प्रकार डोक्याला ताप होतो. एकत्र कुटुंबासारखंच!

आणि ट्रिम डाय? हिचं नाव तर वर्गात मी ऐकलंच नव्हतं. पार्ट निघतो तो रनर, ओव्हरफ्लो, फ्लॅशची झालर घेऊन. ही झालर प्रेसवर एका फटक्यात कापणारी ती ट्रिम डाय. ती नसेल तर चार-पाच जण कानस घेऊन बसतात. हिंगण्यात मी ते रोज पाहिलं. हातमोजे नाहीत, अॅल्युमिनिअमची चमचम केसांत. लहान ऑर्डरला कानस परवडते हे कागदावर खरं. पण जो कोटेशन करतो तो त्या कोपऱ्यात कधी बसत नाही.

आता नागपूरबद्दल. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी तिकडे, तेव्हाच्या औरंगाबादेत, अनुरंग इंजिनिअरिंग सुरू झाली. तीच आजची एन्ड्युरन्स, देशातल्या मोठ्या अॅल्युमिनिअम डाय कास्टिंग कंपन्यांपैकी एक. दुचाकी लाखांनी विकली जाते, तिच्या पार्टला लाखांची ऑर्डर, लाखांच्या ऑर्डरला प्रॉडक्शन डाय शोभते. त्या शहरात इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथे टूल अँड डाय मेकिंगचा स्वतंत्र डिप्लोमा आहे. आपल्याकडे हिंगण्यात महिंद्राचे ट्रॅक्टर होतात. पण ट्रॅक्टरचं वजनदार सामान मुख्यतः बिडाचं, वाळूत ओतलेलं. संख्याही दुचाकीसारखी नाही. दुसरीकडे, अॅल्युमिनिअमवर संशोधन करणारी देशपातळीवरची संस्था, जवाहरलाल नेहरू अॅल्युमिनिअम संशोधन केंद्र, आपल्या वाडीत अमरावती रोडवर आहे. १९८९ साली केंद्राच्या खाण मंत्रालयाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने ते उभारलं. आपल्या वर्गातल्या किती जणांनी तिची पाटी तरी वाचली आहे?

मग आपण काय करतो? सेमिनारला दरवर्षी दोघं-तिघं 'गिगा कास्टिंग' घेतात. टेस्लाने २०२० पासून सहा हजार टनांच्या मशीनवर मॉडेल वायची मागची अंडरबॉडी ओतायला घेतली, त्याचे व्हिडिओ दाखवले की वर्ग 'वॉव' करतो. मलाही आवडतं ते. पण सेमिनार संपल्यावर हिंगणा, बुटीबोरीच्या छोट्या कारखानदाराला सांगण्यासारखं आपल्याकडे काय असतं? त्याची ऑर्डर दोन हजारांची, पाच हजारांची. त्याला हवा आहे 'साहेब, इथे प्रॉडक्शन डाय करू नका' असं हिशोब मांडून सांगणारा पोरगा. तो पोरगा चाकणच्या ट्रेनमध्ये बसलेला असतो, नाहीतर कोडिंगच्या क्लासला. त्यात त्याचा दोष नाही. पण इथे काम नाही म्हणून पोरं जातात, आणि पोरं नाहीत म्हणून इथल्या डाया पुण्याहून करून येतात, हे किती वर्षं चालायचं?

आणखी एक गोष्ट ट्रेनिंगमध्येच कळली. कारखान्याच्या मागच्या रॅकवर पंचवीस-तीस डाया ठेवलेल्या, प्रत्येकीवर रंगाने कंपनीचं नाव. मला वाटलं, केवढी संपत्ती! काका म्हणाले, "ह्या साऱ्या लोकायच्या हायेत. आपलं काय, आपलं फक्त ग्रीस." डायचे पैसे बहुतेक वेळा गिऱ्हाईकच देतं, मालकीही त्याचीच. भाव पटला नाही की तो गाडी पाठवून डाय उचलून नेतो, आणि त्या पार्टचा धंदा त्या गाडीतच जातो. युनिट होल्डर मात्र कारखान्याचा स्वतःचा असू शकतो. गिऱ्हाइकाने इन्सर्ट नेला तरी त्याला तसाच होल्डर असलेला दुसरा कारखाना शोधावा लागेल. छोट्या माणसाच्या हातात एवढी तरी दोरी राहते. पुस्तकात युनिट डायचे फायदे लिहिताना हा फायदा मला कुठे दिसला नाही.

नुसती तक्रार करून थांबत नाही, एक योजना मांडतो. आपल्या वर्कशॉपमध्ये सीएनसी मिलिंग आहे, स्पार्क मशीन आहे. दोन्ही वर्षातले बरेच दिवस झाकलेली असतात. तिकडे टेक फेस्टला आपण दरवर्षी शेकड्यांनी की-चेन बाजारातून विकत आणतो. त्या आपणच ओतायच्या. धातू झिंक घ्यायचा, कारण तो कमी तापमानाला ओततात. मग इन्सर्ट पी-२० मध्ये भागेल आणि हीट ट्रीटमेंटची गरजच पडणार नाही. चार सेंटिमीटर व्यासाच्या दोन कॅव्हिटी, दोन अंश ड्राफ्ट, आकसण्यासाठी ०.६ टक्के जास्त माप. अक्षरं पार्टवर उठावाची ठेवायची, म्हणजे डायमध्ये ती उलटी कोरायची. खोलगट अक्षरं मागितली तर भोवतालचं सगळं स्टील खोदत बसावं लागेल! होल्डर एकदाच करायचा. पुढच्या बॅचने फक्त आपला इन्सर्ट कोरायचा, आपल्या वर्षाचा. मशीन आपल्याकडे नाही, पण झिंकचं छोटं हॉट चेंबर मशीन असलेल्या एका कारखानदारांनी मोकळ्या शिफ्टला ट्रायल घ्यायची तयारी दाखवली आहे. अट एकच, इन्सर्ट त्यांच्या काकांनी तपासल्याशिवाय मशीनवर चढणार नाही.

सरांकडे अर्ज दिला आहे. होल्डरचं ड्रॉइंग निम्मं झालंय, इजेक्टर प्लेटच्या परतीच्या पिनांवर गाडी अडली आहे. आम्ही चौघं एप्रिलपर्यंतच इथे आहोत. तिसऱ्या वर्षातले किमान तिघं हवेत, म्हणजे दुसरा इन्सर्ट कोरायला कोणीतरी उरेल. शनिवारी दुपारी दोननंतर मशीन शॉपमध्ये या. व्हर्निअर स्वतःचा आणा, वर्कशॉपच्या व्हर्निअरचा झिरो कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नाही.